एका हाताची भाकरी

१९६५ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या वैद्यकीय मासिकात एक छोटा लेख छापून आला. लिहिणाऱ्या दोघी होत्या, फ्लॉरेन्स महोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट. पक्षाघाताने किंवा स्नायूंच्या, सांध्यांच्या आजाराने अंथरुणाला खिळलेला माणूस रोजच्या व्यवहारात किती सावरला हे मोजण्यासाठी त्यांनी दहा कामांची यादी केली होती. जेवणे, आंघोळ, कपडे, शौच, पलंगावरून खुर्चीत बसणे, जिना चढणे अशी ती कामे आणि एकूण गुण शंभर. ‘बार्थेल निर्देशांक’ या नावाने हा तक्ता पुढे जगभर पसरला. मी व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी शिकले तेव्हा तो आम्हाला पाठ होता. पुढे पस्तीस वर्षे नोकरी केली, त्यात तो किती वेळा भरला असेल त्याची गणती नाही.

या तक्त्यात जेवणाला दहा गुण आहेत. ताट समोर ठेवल्यावर रोग्याने स्वतः पदार्थ कापावेत, मीठ-मिरपूड घालावी, पावाला लोणी लावावे. लागल्यास एखादे साधन हाताला स्वतः अडकवावे, पण माणसाची मदत घेऊ नये, तर दहा. कापायला कुणी मदत केली तर पाच. कपड्यांच्या रकान्यात बुटाची नाडी बांधणे आहे. पहिल्यांदा वाचताना कुणाला हसू येईल, पण दोघी लेखिकांचा यात काही दोष नाही. त्यांच्या समोरचे रोगी तसेच जेवत होते आणि बूट घालत होते. मात्र तोच तक्ता सोलापूर किंवा यवतमाळच्या रुग्णालयात वापरला की काय होते? आमच्या रोग्याला लोणी लावायचे नसते, भाकरी मोडायची असते. भाकरी एका हाताने मोडता येते; अंगठा आणि मधले बोट यांच्यात दाबून, तर्जनीने तुकडा सोडवून. म्हणजे उजवी बाजू शाबूत असलेली आजी दहापैकी दहा मिळवते आणि तक्ता खूश होतो. उजवी बाजू गेली असेल तरी कागदावर काही अडचण दिसत नाही. डाव्या हाताने मोडावी, इतकेच. या ‘इतकेच’ शब्दाकडे मी पुढे येईन.

आधी साधनांविषयी. एका हाताने जगण्यासाठी वेगळे हत्यार घडवण्याची कल्पना काही वैद्यकशास्त्राची नव्हे. १७९७ च्या जुलैत तेनेरिफ बेटावरच्या चढाईत ब्रिटिश आरमाराच्या होरेशिओ नेल्सनचा उजवा हात गेला. सुरी आणि काटा दोन्ही एकाच दांड्याला असलेले, सोन्याचे पाते बसवलेले एक हत्यार त्याला लेडी स्पेन्सरने भेट दिले. डाव्या हातात तेवढे धरले की मांस कापताही येई आणि टोचून तोंडात घालताही येई. इंग्लंडमधल्या दुकानांत आजही अशा साधनाला नेल्सनचे नाव लावतात. ही सोय एका आरमारी सेनापतीला मिळाली. त्याच लढाईत हात गमावलेल्या साध्या खलाशांना कुणी सोन्याचा काटा दिला नाही. ते कसे जेवले असतील हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. शेजारच्या माणसाने कापून दिले असेल, नाहीतर दातांनी ओढून खाल्ले असेल.

व्यवसायोपचाराची रीतसर सुरुवात बरीच पुढची. १९१७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी सहा जण एकत्र आले आणि त्यांनी या उपचाराची पहिली संस्था स्थापन केली. ते ज्यांच्या घरी जमले ते जॉर्ज बार्टन डॉक्टर नव्हते, वास्तुविशारद होते. क्षयाने गाठलेले, पायाचा भाग कापावा लागलेला, वर डाव्या अंगाचा पक्षाघात. बागेत, सुतारकामात स्वतःला गुंतवून ते पुन्हा उभे राहिले होते आणि त्या घराला त्यांनी ‘कन्सोलेशन हाउस’ असे नाव दिले होते. त्या पिढीला ‘ऑक्युपेशन’ म्हणजे हस्तकला अभिप्रेत होती. विणकाम, बुरूडकाम, लाकूडकाम. रोग्याचे मन आणि हात दोन्ही कामाला लागले की तो बरा होतो, ही त्यांची श्रद्धा. जेवण, आंघोळ, गुंडी लावणे या गोष्टींकडे लक्ष गेले ते दुसऱ्या महायुद्धाच्या आणि पोलिओच्या साथींच्या सुमारास. न्यूयॉर्कच्या जॉर्ज डीव्हर यांच्यासारख्या डॉक्टरांनी रोजच्या कामांच्या याद्या करायला घेतल्या, कारण इस्पितळातून घरी जाणाऱ्या माणसाला टोपली विणता येते की नाही यापेक्षा त्याला पँट चढवता येते की नाही हा प्रश्न मोठा होता. तळहाताला पट्टा बांधून त्यात चमचा खोचायचा, गुंडी ओढायला तारेचा आकडा, लांब दांड्याचा कंगवा, खिळे ठोकलेली पाटी (खिळ्यात बटाटा रोवायचा आणि एका हाताने सोलायचा), काठ नसलेल्या चिनी मातीच्या बशीला अडकवायचे पत्र्याचे कडे. हा सगळा संसार त्या काळातला.

आणि तो मुंबईला आला १९५० साली. आणणाऱ्या बाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. १९०० साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, क्वेकर पंथाच्या घरात जन्म. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून १९३० मध्ये त्या भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. मराठी वाचकाला हे घर दुसऱ्या बाजूने ठाऊक असते. फलटणचे कृषिसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव आणि इरावती कर्व्यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई. कमलाबाईंनी चाळिशी उलटल्यावर अमेरिकेत परत जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. भारतातली पहिलीच, आशियातलीही पहिली असे मानले जाते. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी व्यवसायोपचाराचा जो जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव लागले. स्वातंत्र्याला पाच वर्षे झालेल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके थेरपिस्ट असलेल्या देशासाठी ही मोठीच मजल होती. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मुंबईत पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली, ती आज हाजी अलीला आहे.

कमलाबाई १९७९ मध्ये गेल्या. मी त्यांना पाहिले नाही, पण त्यांच्या शाळेतून बाहेर पडलेल्या बाईंच्या हाताखाली शिकले. त्यामुळे पुस्तके अमेरिकन आणि शिकवणारी माणसे परळची, असा आमचा वर्ग होता. पुस्तकात खिळ्यांच्या पाटीचे चित्र असायचे आणि दुपारी वॉर्डात एखाद्या मावशी विचारायच्या, “बाई, विळी लावू का मी?”

विळीचे थोडे विस्ताराने सांगायला हवे. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात भाजी स्थिर असते आणि सुरी हलते. एक हात भाजी धरणारा, दुसरा सुरी चालवणारा. एक हात गेला की भाजी धरायला कुणी उरत नाही, म्हणून खिळ्यांची पाटी शोधावी लागली. विळीत नेमके उलटे आहे. पाते पाटाला पक्के, पाट गुडघ्याखाली किंवा पायाखाली दाबलेला, हलते ती भाजी. म्हणजे जे काम तिकडे साधन करते ते आमच्याकडे आधीच पाय करत होता. भेंडी, गवार, दुधी एका हाताने विळीवर चिरता येतो. वेग कमी होतो, कांदा जरा त्रास देतो, पण चिरता येतो. जमिनीवर बसता-उठता आले पाहिजे ही अट मात्र आहे, आणि पक्षाघातानंतर हीच अट जड जाते. मग विळी चौरंगावर किंवा ओट्यावर शिकंज्याने आवळायची. सुताराला दोनदा समजावून सांगितले की तो करून देतो.

अशी घरातली साधने मोजायला लागले की संपत नाहीत. स्टीलच्या ताटाला उभा काठ असतो. भात लोटत नेला की काठाशी अडतो आणि बोटांत येतो. बशीला अडकवायचे ते पत्र्याचे कडे आमच्या ताटाला जन्मतःच आहे. भांडे हलू नये म्हणून तिकडे खास चिकट रबराचे तुकडे मिळतात, ते इथे महाग. त्याऐवजी ओले फडके ताटाखाली पसरले तर पुरते, आणि पातेले एका हाताने घोटायचे असेल तर चुंबळ. ज्या चुंबळीने हंडा डोक्यावर सावरला, ती ओट्यावर पातेले का सावरणार नाही? चमच्याचा दांडा जाड करायचा तर सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळायची. १९९० मध्ये अमेरिकेत सॅम फार्बर यांनी जाड, मऊ रबरी मुठीची सोलणी बाजारात आणली, ती ‘ऑक्सो’. पत्नीच्या हातांना संधिवात होता, त्यावरून त्यांना ती सुचली. ती सगळ्यांनीच विकत घेतली आणि रचनाकारांच्या पाठ्यपुस्तकात गेली. तत्त्व तेच, ट्यूबचेच. पण परकीय साधनापुढे आपल्या ओळखीच्या वस्तूला आपण ‘जुगाड’ म्हणतो, हे मला कधी पटले नाही.

याच धर्तीचे सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच जयपूरचे. तोपर्यंतचा कृत्रिम पाय बूट आणि खुर्ची गृहीत धरून घडवलेला होता. उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, बुटाशिवाय चालता येत नसे. शेतकऱ्याने तो लावायचा आणि घरी जाऊन कोपऱ्यात ठेवायचा. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा, अनवाणी वापरता येईल असा पाय घडवला. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्रांचे नाव आता निदान सोबत घेतले जाते, हे बरे आहे.

पण साधन द्यावे आणि प्रश्न सुटावा इतके हे सोपे नाही, हे कुष्ठरोगाने शिकवले. डॉ. पॉल ब्रँड १९४६ च्या अखेरीस वेल्लोरला आले, तेव्हा बोटे झडणे हा कुष्ठरोगाचाच भाग मानला जाई. एका गंजलेल्या कुलपाची किल्ली ब्रँडना फिरेना, ती एका लहान रोगी मुलाने सहज फिरवली. पाहतात तो मुलाचे बोट हाडापर्यंत कापलेले, आणि त्याला पत्ताच नाही. मांस रोगाने झडत नव्हते, वेदना नसल्यामुळे रोजच्या कामात झिजत, भाजत, चिरत होते. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडत, म्हणून ब्रँडनी रोग्यांना मांजरे दिली. माझ्या मते जुळवून घेण्याच्या साधनांच्या इतिहासात मांजराचा उल्लेख व्हायलाच हवा. संवेदना गेलेला हात वस्तू गरजेपेक्षा घट्ट पकडतो, कारण किती दाबले ते कळत नाही. त्यामुळे इथे जाड मुठीचे काम निराळे: पकड सोपी करणे हा त्याचा एक भाग, दाब पसरवणे हा दुसरा. आणि सांडशी ही सोय राहत नाही, ती संरक्षण होते. स्टीलच्या पेल्यातला चहा हा आमच्याकडच्या किती तळहातांचा शत्रू आहे ते कुष्ठरोग विभागात काम केलेल्यांना विचारावे. पेल्याला लोकरीचे वेष्टण शिवून दिले तरी पुष्कळ जण ते काढून टाकत. चारचौघांत ते वेष्टण म्हणजे रोगाची पाटी. भाजणे परवडत असे, ओळखू येणे परवडत नसे.

आता डाव्या हाताकडे. उजव्या अंगावरून वारे गेलेल्या माणसाला डाव्या हाताने जेवायला शिकवणे, हे माझ्या कामातले सर्वांत कठीण काम होते, आणि ते हाताच्या कौशल्यामुळे कठीण नव्हते. कौशल्य तीन आठवड्यांत येते. पण तोच डावा हात आता शौचालाही वापरायचा असतो. जन्मभर दोन हातांची वाटणी करून दिलेली असते आणि एका सकाळी दोन्ही कामे एकाच हातावर येतात. साठ-सत्तर वर्षांची बाई पंगतीत, देवाच्या प्रसादाला डावा हात पुढे कसा करणार? अशा बाया उपाशी राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. ‘भूक नाही’ म्हणतात. नातेवाईक डॉक्टरांना सांगतात की जेवण तुटले आहे, डॉक्टर टॉनिक लिहून देतात. तरुण असताना मी त्यांना समजावत असे की साबणाने धुतलेला हात हा हातच. ते खरेही आहे, पण त्याने घास तोंडात जात नाही.

मार्ग दोन निघाले आणि दोन्ही मी शोधलेले नाहीत. पहिला चमच्याचा. घासाला हात लागत नाही म्हणून डाव्या हाताने चमचा धरणे पुष्कळांना चालते. भाताची चव मात्र जाते असे सगळे सांगतात. दुसरा मार्ग प्लंबरने आणला. संडासातला पाण्याचा फवारा, ज्याला सगळे जेट म्हणतात, तो घरोघरी आला आणि पाण्याचे काम पाण्यानेच होऊ लागले. हाताचा संबंध जवळजवळ सुटला. अपंगांसाठी म्हणून तो कुणी बसवला नव्हता. पण कमोडशेजारची ती पितळी किंवा प्लॅस्टिकची नळी डाव्या हाताला ताटापर्यंत परत घेऊन आली, आणि पक्षाघाताच्या रोग्यासाठी एवढे मोठे काम आमच्या कपाटातल्या कुठल्याही वस्तूने केलेले मला आठवत नाही. ज्या घरात अजून तांब्या-बादली आहे तिथे प्रश्न आहे तसाच आहे.

बार्थेलबाईंच्या तक्त्यातले एक गृहीत मला नोकरीच्या शेवटापर्यंत टोचत राहिले. साधन वापरून काम केले तर रोगी स्वावलंबी. माणसाची मदत घेतली तर परावलंबी. काठी ‘स्वतः’त मोडते, सून मोडत नाही. १९६३ मध्ये क्लीव्हलँडच्या सिडनी कॅट्झ यांनी केलेल्या अशाच तक्त्यातही सीमा माणसाच्या मदतीवरच आखलेली आहे. आपल्याकडे उलट वाटते. लेकीने भरवलेला घास ही सेवा, आणि तळहाताला पट्टा बांधून खाणे ही लाचारी. पट्टा दिला की घरचे दुखावतात: “आम्ही नाही का करायला?” मीही एके काळी म्हणत असे की स्वावलंबन ही आयात केलेली कल्पना आहे, आपल्या घरांना ती तितकी लागू नाही. नंतर लक्षात येऊ लागले की हे वाक्य बहुतेक पुरुष रोग्यांच्या घरी ऐकू येते. त्यांना भरवायला कुणीतरी असते. बाई आजारी पडली की पहिले काही दिवस कौतुक होते, मग स्वयंपाकघर दुसऱ्याच्या ताब्यात जाते, आणि घरात तिचे म्हणणे हळूहळू विचारले जाईनासे होते.

इथे तक्ताही तिच्या मदतीला येत नाही, कारण बार्थेल आणि कॅट्झ दोघांच्याही यादीत स्वयंपाक नाही. तो आला १९६९ मध्ये, फिलाडेल्फियाच्या पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांच्या तक्त्यात. फोन, खरेदी, औषधे, पैसे, प्रवास, आणि त्याबरोबर स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे. गंमत अशी की तो बायकांसाठी आठ गुणांचा आणि पुरुषांसाठी पाच गुणांचा होता. शेवटची तीन कामे पुरुषाला विचारायचीच नव्हती. अमेरिकाही तेव्हा आपल्याइतकीच होती म्हणायची. नंतर ही पद्धत सोडून दिली गेली. मला मात्र त्या आठ गुणांत एक प्रामाणिकपणा वाटतो. बाईचे काय हिरावले गेले ते त्यात निदान लिहिले तरी होते.

सरकारी योजनांतून आता साधने मिळतात. १९८१ पासून केंद्राची योजना आहे, कानपूरचा सरकारी कारखाना त्यासाठी माल पुरवतो, कुष्ठरोग्यांसाठी रोजच्या वापराच्या वस्तूंचा संचही त्यात आहे. शिबिरात मंडप असतो, तीनचाकी सायकली रांगेत उभ्या असतात, फोटो चांगला येतो. ट्यूब गुंडाळलेल्या उलथन्याचा फोटो येत नाही. ते बनवायला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो आणि त्याआधी समोरच्या बाईला विचारावे लागते की तुला नेमके काय करायचे आहे.

विचारल्यावर उत्तरे अनपेक्षित येतात. वेणी घालायची आहे. नातवाला मांडीवर घ्यायचे आहे. निऱ्या स्वतः काढायच्या आहेत. तयार शिवलेल्या निऱ्यांची, हुकाऐवजी वेल्क्रो लावलेली साडी सुचवली की काही जणी खुलतात आणि काही रागावतात. पंढरपूरकडच्या एका बाईंना भाकरी करायची होती. डावे अंग गेलेले, उजवा हात उत्तम. थापायला एक हात पुरतो, परात ओल्या फडक्यावर ठेवली की फिरतही नाही. अडचण उचलण्याची. थापलेली भाकरी परातीतून तव्यावर न्यायला दोन तळवे लागतात, आणि त्यावर आमच्या कुठल्याही पुस्तकात काही नव्हते. आम्ही पत्र्याचा झारा करून पाहिला, भाकरी मोडली. लाकडी फळी केली, तिला चिकटली. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, थालीपीठ कसे करतो? ओल्या फडक्यावर थापायचे, फडके उचलून तव्यावर उपडे करायचे आणि सोलून घ्यायचे. ज्वारीचे पीठ जरा जास्त गरम पाण्यात मळले, फडक्याला मधोमध एक गाठ मारली म्हणजे एका मुठीत पेलता येईल, आणि भाकरी तव्यावर पडली. पाणी लावून उलटायला उलथने होतेच.

फुगली मात्र नाही. घरी गेल्यावर महिन्याभराने त्या तपासणीला आल्या तेव्हा मी विचारले. आता चारातली एक फुगते, म्हणाल्या. जाऊबाई तिला अजून थालीपीठच म्हणतात, पण खातात.